सतारमेकर गल्लीसाठी, कुपवाडहून

मा. आयुक्त,
सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका
यांस,



२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी सगळीकडे मिरजेची म्हणून छापून आली आणि ते बरोबरच होतं. पण ९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली, तेव्हापासून आम्ही तिन्ही गावं एकाच तिजोरीत घरपट्टी भरतो. म्हणून ही वाद्यं जिथे घडतात त्या सतारमेकर गल्लीबद्दल बोलण्याचा हक्क कुपवाडकरालाही आहे असं मी धरून चालतो.

एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथवर जॉबवर्क करतो. पत्नी गाण्याचे वर्ग घेते. तिचे दोन्ही तंबोरे मिरजेत घडलेले. त्यांची जवारी काढायची वेळ आली की गाडीत आडवे घालून ते सतारमेकर गल्लीत पोचवणं आणि होईपर्यंत तिथे बसून राहणं माझ्याकडे असतं. त्या बसण्यात जे पाहिलं, ऐकलं, त्यातून हे पत्र लिहितो आहे. मागणं सुरुवातीलाच सांगतो. या गल्लीचं सुशोभीकरण करू नका. तिथलं काम तिथेच चालू राहील, एवढं बघा. मानांकन वस्तूला मिळतं. पण ही वस्तू एका मोहल्ल्यात घडते, आणि मोहल्ल्याला मानांकन देणारं कार्यालय कुठेच नाही. ते काम महापालिकेलाच करावं लागेल.

गल्ली बघायला गेलात तर पहिल्यांदा निराशाही होईल. कमान नाही, कोरीव सज्जे नाहीत. घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान, मागचा भाग म्हणजे राहणं, आणि मधे पडवीत काम. आढ्याला आणि भिंतींना भोपळे टांगलेले. हे भोपळे इथले नव्हेत. पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमेच्या काठावरून येतात. कडू, भाजीला न चालणारे, जाड सालीचे. शेतकऱ्यानं ते वेलावरच पुरते जून होऊ द्यायचे, नंतर वाळू द्यायचे, आणि मग कारागिरानं टिचकी मारून निवडायचे. पिकलेल्या भोपळ्यावर अवकाळी पाऊस आला तर त्या हंगामाचे तंबोरे तिथेच अडतात. लाकूड तून नावाच्या झाडाचं, बरंचसं कर्नाटकातून येणारं. मिरजेच्या तंबोऱ्यात मंगळवेढ्याचं शिवार आणि कर्नाटकातलं रान दोन्ही असतात.

वाळलेला भोपळा भिजवून नरम करतात, कापून आतलं बी आणि गर काढतात, तोंड हव्या त्या आकाराला ताणून पुन्हा वाळवतात. मग गळा, दांडी, वर तबली. सांधे सरसानं धरतात. सांध्यावर लाकडाची कोरलेली पानं बसतात, तबलीच्या कडेनं नक्षीची पट्टी फिरते, चपड्याचं पॉलिश एकावर एक चढतं. एका घरात पानं कोरणारा असतो, दुसऱ्या घरात पॉलिशवाला, पुढच्या दुकानात तारा मिळतात. अर्धवट झालेला तंबोरा खांद्यावर घेऊन पोरगा या दारातून त्या दारात जातो. हा तंबोरा पुरुषाच्या आवाजासाठी असेल तर चांगला पाच फुटी, आणि पोरगा त्याहून फार उंच नसतो.

आणि शेवटी जवारी. आयुक्तसाहेब, यासाठी एक दुपार काढाच. तबलीवर बसवलेली घोडी असते, तिच्या पाठीवरून चारही तारा जातात. ही पाठ अगदी सपाट असून चालत नाही. तिला जरासा, डोळ्याला कळेल न कळेल असा उतार लागतो, म्हणजे तार कंप पावताना घोडीला पुन्हापुन्हा हलकेच शिवत राहते आणि एका सुरातून अनेक सूर फुटतात. कारागीर तार सैल करतो, बाजूला सारतो. घोडीवर तारेनं उमटवलेली रेघ बघतो. कानशीचे दोन हात मारतो, दोनच. तार पुन्हा चढवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो. पुन्हा उतरवतो. मग तारेखाली बारीक सुती दोरा सरकवतो आणि नखानं तो पुढे ढकलत जातो. मघापर्यंत नुसती ठणठण करणारी तार एका जागी एकदम खुलते, आणि खोलीत सूर भरतो. दोरा त्याच्या केसभर पुढे गेला की सूर पुन्हा मिटतो. माझ्या वर्कशॉपमधलं मायक्रोमीटर मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतं आणि माझ्या प्रत्येक जॉबला ड्रॉइंग असतं. इथे ड्रॉइंग नाही, माप नाही, आणि मी ज्याला अचूकपणा म्हणतो त्याहून बारीक काम समोर चाललेलं असतं. त्याचं गेज म्हणजे त्या माणसाचा कान. तो कान घडायला वडिलांच्या किंवा चुलत्याच्या शेजारी वर्षानुवर्षं बसावं लागतं.

हे सगळं सुरू कसं झालं, ते गल्लीत कुणालाही विचारा, फरीदसाहेबांचं नाव निघतं. घराणं शिकलगारांचं. तलवारी, भाले, कट्यारी घडवायच्या, त्यांना धार लावायची, हा पिढीजात धंदा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल बसला, लढाया संपल्या, हत्यारांची मागणी आटली. मिरजेत पटवर्धनांचं संस्थान होतं आणि दरबारात गाणं होतं. वाद्यं उत्तरेकडून यायची. मोडली, उसवली तर दुरुस्त करणारं इकडे कुणी नव्हतं. ते काम या शिकलगारांकडे आलं. १८५० च्या आसपासची ही गोष्ट. दुरुस्ती करता करता त्यांनी नवं वाद्य घडवलं, आणि पुढच्या पिढ्यांचं आडनावच सतारमेकर झालं. पोलाद ओळखणारे हात लाकूड आणि भोपळा ओळखायला शिकले. माझ्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला ही हकिकत फार मोलाची वाटते, कारण धंदा बुडाला की माणसं काय करतात हे आम्ही एमआयडीसीत डोळ्यांनी बघतो. त्या घराण्यानं हातातली कला जाऊ दिली नाही, तिला दुसरं काम दिलं.

पण नुसते कारागीर असून पेठ उभी राहत नाही, गिऱ्हाईक लागतं. मिरजेला ते एकापाठोपाठ एक लाभलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहून शिकवत होते. कुरुंदवाडचा एक मुलगा फटाक्यानं डोळे अधू झाल्यावर उपचारांसाठी मिरजेत आला आणि बुवांकडे गाणं शिकायला राहिला. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. १८९६ मध्ये ते मिरजेतून बाहेर पडले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि २१ ऑगस्ट १९३१ ला त्यांनी देह ठेवला तोही मिरजेतच. त्यांच्यामागे स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा कारभार मिरजेशी बांधलेला राहिला. माझ्या पत्नीच्या वर्गातली मुलं ज्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देतात, त्यांच्या प्रमाणपत्रांमुळे मिरज हे नाव देशभरातल्या घरांत भिंतीवर लागलेलं आहे. ज्यांनी मिरज कधी पाहिलं नाही, त्यांच्याही.

आणि दर्गा. ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा हे या सगळ्या वस्तीचं काळीज आहे. इथल्या उरुसाच्या पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा आहे. कुठल्या सलोखा समितीनं हा ठराव केलेला नाही, परंपरेनं तो चालत आला. या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. किराणा गावात जन्मलेला हा गवई बडोद्याहून, मुंबईहून फिरत इकडे आला; प्लेगच्या दुखण्यातून मीरासाहेबांच्या कृपेनं उठलो अशी त्यांची श्रद्धा होती, आणि पुढे मिरज हेच त्यांचं घर झालं. २७ ऑक्टोबर १९३७ ला पाँडिचेरीकडे जाताना वाटेत सिंगपेरुमलकोईल स्थानकावर त्यांचं निधन झालं. तिथून त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या पायाशी ठेवलं. तेव्हापासून उरुसात त्यांच्या नावानं संगीत सभा भरते. मोठमोठे गायक-वादक इथे येतात ते हजेरी लावायला. पंडित भीमसेन जोशी आपल्या गुरूच्या गुरूपुढे गात आहोत या भावनेनं इथे बसले. तिकीट नाही. बाजूला फुलांच्या चादरी, उदाचा वास, लहान मुलांची पळापळ, आणि मधे कुणीतरी मारव्याचा ऋषभ लावून बसलेलं. ज्यानं आयुष्यात पैसे देऊन मैफल ऐकली नाही असा हमाल आणि ज्याच्या घरी तीन पिढ्या गाणं आहे असा माणूस एकाच सतरंजीवर बसतात. मला महाराष्ट्रात असं दुसरं ठिकाण माहीत नाही.

खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत तरबेज होते, हे कारागीर मोठ्या अभिमानानं सांगतात. त्यांच्यासाठी सूर हा भक्तीचा विषय होता तसा मोजमापाचाही होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे बंधू, बावीस श्रुतींचा अभ्यास करत होते. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेबांच्या गळ्याची साथ मिळाली. देवलांचा श्रुतींवरचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये छापला गेला. हरिपूरचं देवल घराणं, किराण्याचे खाँसाहेब, शिकलगारांच्या घरात घडलेले तंबोरे. काही मैलांच्या परिसरात ही माणसं एकमेकांना भेटत होती आणि सुराचा कण वेगळा कसा काढायचा यावर डोकं लावत होती. गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्म १९०५ चा, याच मिरजेतला. पुढे ज्या बाईनं तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि कुलीन स्त्रीनं समोर बसून गावं हे समाजाला मान्य करायला लावलं, तिच्या कानावर पडलेला पहिला षड्ज इथला.

त्याच १९०५ साली नारायण राजहंस नावाचा मुलगा मिरजेत शकुंतलेच्या वेषात रंगमंचावर आला आणि पुढे बालगंधर्व म्हणून गाजला. हंसप्रभा थिएटरच्या त्या जागी आज महापालिकेचं बालगंधर्व नाट्यगृह उभं आहे. डॉ. वानलेस या मिशनरी डॉक्टरांच्या रुग्णालयामुळे दूरदूरचे रुग्ण मिरजेला येत, रेल्वेच्या जंक्शनमुळे हुबळी-धारवाडकडे जाणारे गवई इथे उतरत, आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाण्याच्या बैठका होत. त्या आजही होतात. कानडी, मराठी, दखनी एकाच चौकात कानावर पडतात. ही मिश्र वस्ती कुणी आखून बसवलेली नाही.

आता जे बोलायला अवघड आहे तेही बोलतो. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून याच मिरजेत दंगल झाली, संचारबंदी लागली, विसर्जन रखडलं. मिरजेच्या सलोख्याचं कौतुक करणारे लेख हे वर्ष गाळतात. मला ते गाळावंसं वाटत नाही. जुनी सामायिक वस्ती आपोआप सुरक्षित राहत नाही, हे त्या आठवड्यानं आम्हा तिन्ही गावांना दाखवलं. पण तंबोरा घ्यायला येणारा कीर्तनकार आणि तो घडवून देणारा शिकलगार यांचा व्यवहार त्यानंतरही मोडला नाही, कारण तो भाषणांवर उभा नव्हता. कीर्तनकाराला सूर हवा असतो, कारागिराला तो ओळखणारं गिऱ्हाईक. असे व्यवहार जिथे रोज होतात ती जागा जपणं, हे शांतता समितीच्या बैठकीइतकंच महत्त्वाचं काम आहे. म्हणूनही ही गल्ली मला महापालिकेच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते.

धोका मात्र दंगलीपेक्षा हळू चालीनं येतो आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा निघाला. आता तर तो मोबाईलमध्ये फुकट आहे. रियाजाला सोयीचा आहे, माझ्याही घरी वाजतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण शिकणाऱ्या मुलानं तंबोरा कधी जुळवलाच नाही, तर त्याला जवारी कळणार नाही; आणि ज्याला जवारी कळत नाही तो ती काढून घ्यायला मिरजेला येणार नाही. घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग वापरत, वन्यजीव कायद्यानं ते गेलं, आणि ते योग्यच झालं. आता हाड, शिसवी किंवा कृत्रिम पदार्थ लागतो. ती अडचण कारागिरांनी निभावली. भोपळा पिकवणारा शेतकरी उसाकडे वळला तर ती अडचण निभावणं कठीण. आणि सगळ्यांत कठीण, घरातली पोरं. गल्लीतला एखादा मुलगा आमच्या एमआयडीसीत काम मागायला येतो तेव्हा मी त्याला नाही म्हणत नाही. महिन्याच्या महिन्याला पगार आहे, पीएफ आहे. पण तो मशीनवर उभा राहिला की मला माहीत असतं, की पंधरा वर्षांनी जवारीला बसू शकला असता असा एक कान आम्ही ग्राइंडरच्या आवाजात घातला.

केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार आहे, कुंभार आहे, शिंपी आहे, आणि हत्यारं बनवणाराही आहे. वाद्य घडवणारा नाही. म्हणजे फरीदसाहेबांच्या घराण्यानं सोडलेला धंदा यादीत आहे आणि ज्या धंद्यानं मिरजेचं नाव झालं तो नाही. ही यादी महापालिका बदलू शकत नाही, हे मला कळतं. पण तीन गावांच्या महापौरांनी, आयुक्तांनी आणि खासदार-आमदारांनी मिळून हा व्यवसाय यादीत घालण्याची मागणी दिल्लीकडे लावून धरावी. महासभेच्या एका ठरावानं त्याची सुरुवात होते.

बाकीचं आपल्या हातातलं आहे. मानांकन मिळालेल्या ठिकाणी साधारण काय होतं ते आपण सगळ्यांनी इतर शहरांत पाहिलं आहे. एक प्रवेश-कमान, फरशी, दिव्याचे शोभिवंत खांब, चौकात सिमेंटची वीस फुटी सतार आणि तिच्यासमोर सेल्फी काढायचा कट्टा. कृपा करून यातलं काहीही करू नका. फरशीच्या कामासाठी गल्ली सहा महिने खणली तर त्या सहा महिन्यांत एकही भोपळा आत येणार नाही.

दुसरी एक सूचना येईल, ती दिसायला फार शहाणी असते: कारागिरांना औद्योगिक वसाहतीत प्लॉट द्या, तिथे सगळे एकत्र बसवा. माझी उमेदीची वर्षं एमआयडीसीत गेली म्हणून अधिकारानं सांगतो, जवारी शेडमध्ये जायची नाही. गिऱ्हाईक समोर बसून आपला षड्ज लावतं, तेव्हा कारागिराला कळतं की या गळ्याला कुठली जवारी हवी. पत्र्याच्या शेडखाली, शेजारी पॉवर प्रेस चालू असताना ते होणार नाही. आणि पानं कोरणारा, पॉलिशवाला, तारवाला चार पावलांवर असतात म्हणून हे काम परवडतं.

मात्र या धंद्यातलं एक काम गल्लीत मावत नाही. लाकूड महिनोन्‌महिने रचून वाळवणं, मोठे ओंडके चिरणं, भोपळ्याचा वर्षाचा साठा पावसापासून जपणं. त्याला कोरडी, उंच छपराची, वारं खेळणारी जागा लागते. ती कुपवाडनं द्यावी. आमच्याकडे महापालिकेच्या मोकळ्या जागा आहेत. त्यांतल्या एकीवर साधं छप्पर, एक सामायिक करवत आणि कुलूप एवढं पुरेल. आणि त्याच जागेच्या कडेनं तुनाची झाडं लावा. हे झाड सह्याद्रीतलंच आहे, परकं नाही. लाकूड मिळायला काही दशकं जातील, ती जाऊ देत. पालिका दर पावसाळ्यात झाडं लावतेच, त्यांतली काही तंबोऱ्याची असू देत.

गल्लीत गाड्यांना दुपारी दोन ते पाच एकेरी वाट करा. जवारीचं बारीक काम बहुधा दिवसाउजेडी चालतं, आणि हॉर्नच्या आवाजात कान काम करत नाही. शांतता क्षेत्राचा नियम रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती लागतो हे मला माहीत आहे. तो इथे ओढूनताणून लावा असं मी म्हणत नाही. तीन तासांची वाहतूक व्यवस्था पोलिसांशी बोलून करता येते. पडवीत वाद्य घडवणाऱ्या घराला घरपट्टी निवासी दरानंच राहील, असं धोरण लेखी ठरवा, म्हणजे मानांकनामुळे भाव वाढला आणि त्यामुळे कर वाढला असा उलटा फेरा बसणार नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: महापालिकेनं गिऱ्हाईक व्हावं. आपल्या प्रत्येक शाळेसाठी एक तंबोरा विकत घ्या. एकदम नको, दर वर्षी थोडे, म्हणजे कामाचा पुरवठा चालू राहील. कोनाड्यात ठेवायला नव्हे. वर्षातून एकदा गल्लीतला कारागीर शाळेत येईल, मुलांसमोर जवारी काढेल, त्याचे त्याला पैसे मिळतील. पाचवीतल्या मुलाला तार जुळवता आली पाहिजे. पंचम, दोन षड्ज आणि खर्ज, एवढंच असतं. पण ते आपल्या कानानं एकदा जुळलं की मूल जन्मभर विसरत नाही. पत्नीच्या वर्गात मी हे दर वर्षी बघतो. कारागिराला अनुदानाचा चेक देताना फोटो निघतो, पण त्याच्या पोराला धंद्यात थांबवतं ते पुढच्या वर्षीचं काम.

बालगंधर्व नाट्यगृहात महिन्यातून एक संध्याकाळ ध्वनिक्षेपकाशिवाय गाणं ठेवा. दोन मिरजेचे तंबोरे, तबला, पेटी, गाणारा. पहिल्या दहा रांगांतच लोक बसले तरी चालेल. मैफलीतल्या तंबोऱ्याचा मूळ नाद माइकमधून न आलेला ऐकायला मिळेल असं ठिकाण आता सबंध जिल्ह्यात सापडत नाही. त्या संध्याकाळी मंचावरच्या तंबोऱ्यांवर ते घडवणाऱ्या हातांची नावं जाहीर करा. गायकाचं नाव पत्रिकेत असतं, तबलजीचं असतं, ज्याच्या जवारीवर सगळे गातात त्याचं नसतं.

हे सगळं मान्य करण्याआधी बैठक घ्यावी लागेल. ती मुख्यालयात नको. कारागिरांची रोजी बुडते आणि सभागृहात बोलायला ते बुजतात. आपण गल्लीत या, पडवीत बसा. तुमचे अभियंते, शिक्षण विभागाचे अधिकारी आणि वाहतूक पोलीस सोबत असू देत. कुपवाडमधून मी येतो. आमच्या एमआयडीसीतले आणखी काही वर्कशॉपवालेही यायला तयार आहेत. तंबोऱ्याच्या खुंट्या शेवटी वळूनच निघतात, आणि पटाशा, कानशी, घोडी धरायचे शिकंजे ही सगळी आमच्या हातची कामं आहेत. त्यांना कसलं हत्यार हवं, कसली पकड हवी, ते त्यांनी सांगावं. मापं घ्यायला आम्ही मिरजेला येऊ आणि पहिला नग कुणाकडूनही पैसे न घेता करून देऊ. बैठकीची तारीख आपण कळवावी. उरुसाच्या आधीची असेल तर उत्तम, कारण उरुसात गल्लीला बोलायला सवड नसते.

कळावे,
आपला,
कुपवाडचा एक नागरिक आणि करदाता